बाई आणि गिअरची गाडी: नागपुरात सारखे विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं दर रविवारी सकाळी सहाला आम्ही चार-पाच जणी एका मोकळ्या ग्राउंडवर जमतो आणि ज्यांना गिअरची गाडी शिकायची आहे त्या बायका-पोरींना शिकवतो, फी वगैरे काही नाही, पेट्रोल ज्याचं त्याचं. एकोणीस वर्षांची येते, बावन्न वर्षांची पण आली होती. प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच, आणि त्यांच्या घरच्यांचे तर शब्दाला शब्द तेच, म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. खाली बाईक म्हटलं की गिअरची मोटरसायकल समजा. स्कुटी म्हणजे ॲक्टिवा, ज्युपिटर, पेप सगळं आलं, नागपुरात आपण बिनगिअरच्या सगळ्या गाड्यांना स्कुटीच म्हणतो.

घरी स्कुटी आहे नं, मग बाईक काहून पाहिजे?

हा प्रश्न शिकणारीला पडत नाही, तिच्या घरच्यांना पडतो.

आधी एक गोष्ट मान्य करू, नागपुरात बाईनं गाडी चालवण्याला कोणाची हरकत नाही. धरमपेठेत उभं राहा नाही तर महालात, तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कुटीवर जाणाऱ्या बायका मोजून संपणार नाहीत. त्याच्याही आधी लूना होती, १९७२ साली निघालेली, आमच्या आयांच्या पिढीतल्या कितीतरी मास्तरीणबाई आणि नर्सबाई लूनावर नोकरीला गेल्या. म्हणजे बाई आणि दोन चाकं हे आपल्याकडे नवीन नाही.

मग बाईक म्हटलं की घर गप्प का होतं? माझं सांगते. लग्नानंतर अकरा वर्षं मी स्कुटी चालवली. कॉटन मार्केटची भाजी, पोराची शाळा, पोराची ट्युशन, सासूबाईंना शनिवारी तेलंगखेडीच्या हनुमान मंदिरात नेणं, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, सगळं त्या एका गाडीवर. अकरा वर्षांत मला कोणी विचारलं नाही की कुठे चालली, कारण सगळ्यांना माहीतच होतं, त्यांच्याच कामाला चालली होती. मग मी माझ्या पगारातून बाईक घ्यायची म्हटलं तर कोणी मायलेज विचारलं नाही, किंमत विचारली नाही, पहिलाच प्रश्न आला, "कुठी जायचं हाय तुले?" त्या दिवशी मला कळलं हरकत कशाला आहे. स्कुटीचा रस्ता घरच्यांनी ठरवलेला असतो, बाईक घेतली की वाटतं आता ही आपला रस्ता आपण ठरवणार. खरंच आहे ते, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी कारणं पण आहेत. बाईकचं चाक मोठं असतं, स्प्लेंडरचं अठरा इंची, स्कुटीचं दहा किंवा बारा, म्हणून तोच खड्डा बाईकवर कमी लागतो आणि लांब जायला गाडी स्थिर राहते. आणि कोणाला आवडते म्हणून पण शिकायची असते. आवडणं हे पुरेसं कारण आहे, पोरांना कोणी दुसरं कारण विचारत नाही.

लोक काय म्हणतील? आपल्यात चालतं का हे?

लोक म्हणतात, खोटं कशाला सांगू. सिग्नलला शेजारच्या गाडीवरचा माणूस खालपासून वरपर्यंत पाहतो, कॉलनीतल्या काकू म्हणतात "आता मिशा तेवढ्या राहिल्या". पहिले तीन-चार महिने होतं, मग लोकांना सवय होते, कारण त्यांना पण त्यांची कामं आहेत.

मला जास्त लागतं ते वेगळंच. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून, नथ घालून बायका बुलेटवर निघतात, तेव्हा त्याच काकू ओवाळतात, फोटो काढतात, म्हणतात आपली संस्कृती बघा. मग तीच बाई मंगळवारी त्याच बुलेटवर ऑफिसला निघाली की संस्कृती कुठे जाते? मिरवणुकीत दोन किलोमीटर, ते पण पहिल्या गिअरमध्ये, सगळे सोबत असताना चालते, आणि एकटी कामाला निघाली की चालत नाही. ज्यांना आपल्यात चालतं का असा प्रश्न पडतो त्यांना मी पाडव्याचं उदाहरण देते, चालतं नं, तुम्हीच टाळ्या वाजवल्या.

आणि हे फक्त आपल्याकडे आहे असं पण नाही. लाहोरमध्ये २०१६ साली बायकांना मोटरसायकल शिकवायची सरकारी मोहीम सुरू झाली, तिथे तर बायका मागे सुद्धा एका बाजूला पाय करून बसायच्या. सौदी अरेबियात बायकांना गाडी चालवायची परवानगी जून २०१८ मध्ये मिळाली, मोटरसायकल त्यातच आली. आपल्याकडे त्याच वर्षी २६ जानेवारीला बीएसएफच्या महिला जवानांनी दिल्लीच्या संचलनात बुलेटवर उभं राहून कसरती केल्या, पूर्ण देशानं टीव्हीवर पाहिलं. पुण्यात फक्त बायकांचा बायकर्नी हा ग्रुप २०११ पासून आहे. जिथे जिथे कडक वातावरण आहे तिथे तिथे कोणीतरी पोरगी चावी मागून राहिलीच आहे.

वय किती पाहिजे आणि लायसन कोणतं?

बाईकला अठरा पूर्ण पाहिजे. सोळाव्या वर्षी जे लायसन मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, ॲक्टिवा त्यात बसत नाही कारण ती ११० च्या आसपास आहे, हे खूप आयांना माहीतच नसतं आणि अकरावीतल्या पोरीला बिनधास्त चावी देतात. अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लायसनवर विथ गिअर लिहिलेलं पाहिजे. खूप जणींकडे विदाउट गिअरचं असतं कारण कॉलेजात असताना बाबांनी आरटीओत नेऊन तेच काढून दिलं. ते असलं तर विथ गिअरसाठी परत लर्निंग काढायचं, ३० दिवस थांबायचं, मग टेस्ट द्यायची. लर्निंग सहा महिने चालतं. लर्निंग घरी बसून ऑनलाइन निघतं, आधारला मोबाईल नंबर जोडलेला असला की झालं, पर्मनंटच्या टेस्टला मात्र स्वतः जावं लागतं आणि तिथे गिअरचीच गाडी न्यावी लागते. नवीन काढणाऱ्या पोरींनो, एकदाच विथ गिअरचं काढा, त्याच्यावर स्कुटी चालते. उलटं चालत नाही.

नवऱ्याची बाईक कधीमधी चालवली तर चालते नं?

चालते, पण तुमच्या लायसनवर विथ गिअर नसेल तर चालत नाही, आणि अपघात झाला तर विम्यावाले सगळ्यात आधी लायसनच मागतात. आणखी एक गोष्ट नीट वाचा. गाडीच्या विम्यासोबत जो १५ लाखांचा अपघात विमा घ्यावा लागतो तो मालक-चालकाचा असतो, म्हणजे आरसी बुकावर ज्याचं नाव त्याचा. गाडी नवऱ्याच्या नावावर, हप्ते तुमच्या पगारातून, रोज चालवता तुम्ही, आणि काही झालं तर त्या १५ लाखात तुम्ही नाही. म्हणून गाडी स्वतःच्या नावावर घ्या. ह्याच्यावर घरात थोडी कुरबूर होते, होऊ द्या.

माझी उंची पाच फूट आहे, पाय टेकत नाहीत. जमेल का?

जमेल. दोन्ही टाचा जमिनीवर टेकल्याच पाहिजेत असं काही नाही, एका पायाचा चवडा नीट टेकला आणि उतरताना थोडं सरकून बसलं तरी गाडी सांभाळता येते. तरी सुरुवातीला सीट खाली असलेली गाडी घ्या. ॲव्हेंजरची सीट ७३७ मिलिमीटरवर आहे, बुटक्या बायकांसाठी वरदान आहे ती गाडी. स्प्लेंडर ७८५ ची आहे पण वजन फक्त ११२ किलो, त्यामुळे शिकायला मला तीच सगळ्यात आवडते. क्लासिक ३५० ची सीट ८०५ आणि वजन १९५ किलो, ती नंतर. पोरी येतात त्याच म्हणतात मला डायरेक्ट बुलेट शिकायची, मी म्हणते शिक, पण पहिले दोन महिने स्प्लेंडर.

शोरूममध्ये नुसतं पाहून ठरवू नका. बसा, साईड स्टँडवरून गाडी सरळ उभी करा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, दहा पावलं मागे ढकलून बघा. मागे ढकलता आली तर ती गाडी तुमची.

गाडी पडली तर? उचलणार कोण?

तुम्हीच. ही गोष्ट आम्ही पहिल्याच रविवारी शिकवतो, चालवणं नंतर, कारण ज्या बाईला पडलेली गाडी उचलता येते तिची अर्धी भीती तिथेच जाते.

आधी लाल बटण दाबून इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच खाली पाडून ठेवा, म्हणजे उचलल्यावर पलीकडे जाणार नाही. जमलं तर पहिला गिअर टाका म्हणजे चाक घसरत नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवून उकिडवं बसा, एका हातानं हँडलची मूठ, दुसऱ्या हातानं मागचं कॅरिअर नाही तर सीटखालचा दांडा घट्ट पकडा, पाठ सरळ, आणि पायांनी मागे मागे ढकलत उठा. हातानं ओढायचं नाही, कंबर धरते. बावन्न वर्षांच्या ज्या ताई आल्या होत्या, गुडघेदुखीवाल्या, त्यांनी तिसऱ्या प्रयत्नात स्प्लेंडर उभी केली आणि दोन मिनिटं हँडल सोडलं नाही, नुसत्या उभ्या राहिल्या गाडीला टेकून. मग म्हणाल्या, परत पाडा.

शिकायला किती दिवस लागतात?

सायकल येत असेल तर चार-पाच रविवार. सायकल येत नसेल तर आधी सायकल, त्याला शॉर्टकट नाही.

सगळं क्लचमध्ये आहे. स्कुटीवरून आलेल्या बाईचा डावा हात म्हणजे ब्रेक, तीस वर्षांची सवय, घाबरली की डावा हात दाबते आणि बाईकवर तो क्लच असतो, गाडी थांबण्याऐवजी मोकळी सुटते. ही सवय मोडायलाच पहिले दोन रविवार जातात. आम्ही काय करतो, गाडी चालू, पहिला गिअर, ॲक्सिलेटरला हातच नाही, आणि क्लच इतका हळू सोडायचा की मुंगी चालावी. एका जागी येऊन इंजिनचा आवाज जाड होतो, गाडी पुढे ओढायला लागते, तोच हाफ क्लच. तिथे दोन सेकंद थांबा, परत दाबा. पन्नास वेळा. बोटं दुखतात, पण एकदा बोटांना ती जागा कळली की वर्धा रोडच्या उड्डाणपुलाच्या चढावर ट्रॅफिकमध्ये अडकलात तरी गाडी मागे जात नाही.

गिअर कुठल्या गाडीत सगळे एकाच बाजूला पडतात, कुठल्या गाडीत एक खाली आणि बाकीचे वर, म्हणून दुसऱ्याची गाडी घेतली की आधी विचारून घ्या. ब्रेक दोन्ही सोबत. पुढचा ब्रेक मारला की माणूस उलटा पडतो असं घरोघरी शिकवून ठेवलंय, त्यामुळे बायका फक्त मागचा मारतात आणि गाडी घसरते. थांबवायची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्येच आहे, फक्त एकदम न दाबता हळूहळू दाबायचा आणि हँडल सरळ असताना दाबायचा.

साडीवर बाईक चालवता येते का? दुपट्टा?

सहावारीवर नका चालवू. नऊवारी मधून पाय मोकळे करते म्हणून पाडव्याला जमतं, तरी ते हळू चालवण्यापुरतंच. ज्यांना नोकरीत साडी लागते त्या आमच्यातल्या दोघी पँट घालून जातात आणि तिथे जाऊन साडी नेसतात, कॉटनची साडी घडी करून बॅगेत नीट राहते.

दुपट्ट्याचं मात्र हात जोडून सांगते. मोकळा दुपट्टा मागच्या चाकात गेला तर तो गळ्याला आवळतो, एका सेकंदात. मागे बसणाऱ्या बाईचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा अर्धा भाग झाकणारं साडी गार्ड नियमानंच गाडीला असतं, आणि पोट्टे स्टाईलसाठी तेच पहिले काढून टाकतात. तुमच्या गाडीचं काढू देऊ नका. दुपट्टा घ्यायचाच असेल तर जॅकेटच्या आत खोसा. मंगळसूत्र आत. सँडल, चप्पल नाही, बंद बूट पाहिजेत, गिअर टाकून टाकून डाव्या पायाच्या बोटांची सालपटं निघतात आणि उजव्या पोटरीला सायलेन्सर चिकटला की जो डाग पडतो तो वर्षभर जात नाही.

स्कार्फवर हेल्मेट घट्ट बसत नाही, काय करू?

आपल्याकडे दुपट्टा उन्हासाठी बांधतात, धुळीसाठी बांधतात, आणि ओळखीच्या कोणी पाहू नये म्हणून पण बांधतात, हे सगळ्याजणींना माहीत आहे. पण दुपट्ट्याचे चार वेढे आणि मागे गाठ, त्याच्यावर हेल्मेट म्हणजे नुसती टोपी, आपटलं की निघून जाणार. पातळ कॉटनची पूर्ण डोकं-मान झाकणारी टोपी मिळते, बलाक्लावा म्हणतात, ती घाला, वर आयएसआयचं फुल फेस हेल्मेट. घामानं टोपी ओली होते, दोन ठेवा. केसांचा अंबाडा नको, त्याच्यावर हेल्मेट बसतच नाही, मानेशी खाली वेणी आणि ती जॅकेटच्या आत. मागे बसणाऱ्याला पण हेल्मेट लागतं आणि नसेल तर लायसन तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं.

बाईक चालवल्यानं पिशवी सरकते, मूल होत नाही, असं म्हणतात. खरं आहे का?

नाही. गर्भाशय आत स्नायूंनी आणि बंधांनी धरलेलं असतं, सीटवर बसून ते सरकत नाही. बायका सायकल चालवायला लागल्या तेव्हा युरोपातले डॉक्टर सुद्धा असंच काहीबाही सांगायचे. आणि बघा, स्कुटीवर बारा किलोची भाजीची पिशवी पायाशी आणि मागे दोन पोरं घेऊन जाताना कोणाला पिशवी सरकायची काळजी पडत नाही.

पाळीत चालवली तर चालते, पोटात दुखत असेल तर नका चालवू, इतकं सोपं आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर, मुख्य म्हणजे सिझर झालं असेल तर, तुमच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय गाडीला हात लावू नका, तिथे पडण्याचा आणि टाक्यांचा प्रश्न आहे. लांब जाताना खरा त्रास वेगळाच आहे. रस्त्यात बाथरूम मिळणार नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, आणि नागपूरच्या उन्हात ते जास्त धोक्याचं आहे, लघवीचं इन्फेक्शन होतं, चक्कर येते. पेट्रोल पंपावर बाथरूम, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा फुकट द्यावीच लागते, तुम्ही पेट्रोल भरा नाही तर नका भरू. कुलूप असलं तर चावी मागा, लाजू नका, मोठ्यानं मागा.

पोट्टे मागे लागतात, रेस लावतात, कट मारतात. काय करायचं?

होतं हे. बाई बाईकवर दिसली की काही पोट्ट्यांना तिला मागे टाकल्याशिवाय चैन पडत नाही. रेस लावू नका, स्पीड एकदम कमी करा, त्याला पुढे जाऊ द्या, नव्वद टक्के तिथेच संपतं. तरी मागेच असेल तर घराकडे वळू नका, घर दिसू देऊ नका. पंप, चालू दवाखाना, पोलीस चौकी, जिथे उजेड आणि माणसं आहेत तिथे गाडी लावा आणि ११२ लावा. गाडीचा नंबर मोठ्यानं वाचा, त्यानंच खूप जण पळतात. पाठलाग करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, पहिल्यांदा सुद्धा तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, आमच्या हद्दीत नाही असं म्हणून परत पाठवता येत नाही.

घरी सांगावं का? हा प्रश्न पोरी हळूच विचारतात, कारण सांगितलं की गाडी बंद होते. एकीनं सहा महिने सांगितलं नव्हतं, रोज एकच पोट्टा मेडिकल चौकापासून मागे यायचा. घरच्यांनो, तुम्ही वाचत असाल तर हे तुमच्यासाठी आहे, पोरीनं येऊन सांगितलं तर त्या पोट्ट्याची गाडी बंद करा, पोरीची नको.

नागपूरच्या रस्त्यांवर काय सांभाळायचं?

सिमेंट रोडच्या कडा. आपल्याकडे सिमेंटचा रस्ता उंच आणि बाजूचे गट्टू किंवा माती खाली, मध्ये चार-सहा इंचाची पायरी, तिच्या कडेकडेनं चाक गेलं की गाडी फेकली जाते. उतरायचंच असेल तर कडेला आडवं, काटकोनात उतरा. पावसाळ्यात काळी माती ट्रकच्या चाकांनी रस्त्यावर येते, साबण बरा इतकी घसरते, रिंग रोडला आणि उमरेड रोडला जास्त. रात्री कुत्रे. कुत्रं मागे लागलं की पाय वर घेऊ नका, स्पीड थोडा कमी करा आणि सरळ चालत राहा.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी बारा ते चार बाईक नकोच. जावंच लागलं तर पूर्ण बाह्यांचं कॉटन, ओला रुमाल मानेला, आणि गाडी उन्हात उभी असेल तर सीटवर आणि टाकीवर पाणी मारल्याशिवाय बसू नका.

संक्रांतीच्या आधी-नंतरचे पंधरा दिवस वेगळे आहेत. नायलॉन मांजावर बंदी आहे, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, तरी दर जानेवारीत गळे कापले जातात. त्या दिवसांत गळ्याला जाड मफलर किंवा नेक गार्ड, हेल्मेटची काच खाली, उड्डाणपुलावरून जायचं नाही, स्पीड तीसच्या वर नाही.

शोरूमवाला आणि मेकॅनिक माझ्याशी बोलतच नाहीत, सोबत कोणी आहे का विचारतात.

माझ्यासोबत झालंय. गाडी घ्यायला गेली तेव्हा सोबत माझा भाचा होता, बारावीतला, ज्याला सायकलशिवाय काही येत नाही. सेल्समननं पूर्ण गाडी त्याला समजावून सांगितली, चावी पण त्याच्याच हातात दिली. मी ती भाच्याच्या हातातून घेतली, परत दिली आणि शोरूममधून निघून आले, दुसऱ्या ठिकाणी बुक केली. पैसे आपले असतात, उठून जाता येतं.

मेकॅनिकचं असं आहे की दोन-चार गोष्टी स्वतः शिका, चेनला ऑइल, चेन किती ढिली आहे, ऑइलची लेव्हल, क्लचची केबल. "चेन आवाज करून राहिली, दीड इंच ढिली आहे, टाइट करून द्या" असं म्हटलं की समोरचा माणूस बोलायला लागतो.

समृद्धी महामार्गावर नेता येते का?

नाही, तिथे टू-व्हीलरला बंदी आहे.

बाबा नाही म्हणतात, सासरे नाही म्हणतात. लपून शिकू का?

ह्याचं एकच उत्तर माझ्याकडे नाही, घर घरासारखं असतं. ज्या घरात हात उचलला जातो तिथे मी पोरीला कधीच म्हणत नाही की जा, भांड, तिथे आधी तिचं सुरक्षित राहणं. पण जिथे फक्त काळजी आहे, म्हणजे "पडशीन तं कोण पाहीन" अशी काळजी आहे, तिथे लपू नका. लपून शिकली आणि थोडंसं खरचटलं तरी मग सगळं अंगावर येतं, पडण्याचा राग आणि लपवण्याचा राग एकत्र.

काळजीला काळजीचीच उत्तरं द्या. लायसन काढलं, हे बघा. विमा माझ्या नावावर, हा बघा. हेल्मेट हे, बूट हे. पहिले सहा महिने अंधार पडायच्या आत घरी. वडिलांना ग्राउंडवर घेऊन या, आम्ही नेहमी म्हणतो. बाप लोक कट्ट्यावर बसतात, सुरुवातीला मोबाईल पाहतात, मग अर्ध्या तासानं उठून येतात आणि "क्लच एकदम सोडू नको" असं सांगायला लागतात. एक काका तर स्वतःची वीस वर्षं जुनी गाडी घासूनपुसून घेऊन आले दुसऱ्या रविवारी, म्हणे हिचा क्लच नरम आहे, हिच्यावर शिक.

आमच्या घरी सासरे सहा महिने माझ्या बाईकबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मग एकदा रात्री दीडला त्यांच्या छातीत दुखायला लागलं, नवरा टूरवर, पावसानं आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी, रिक्षा येईना, ॲम्बुलन्सवाला कोपऱ्यावर येऊन अडकला. कोपऱ्यापर्यंत मी त्यांना बाईकवर नेलं, पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलेटर सोडला नाही म्हणजे सायलेन्सरमध्ये पाणी जात नाही. बरे होऊन आले. त्यानंतरही बाईकबद्दल ते काही बोलले नाहीत, पण सकाळी मी निघायच्या आधी गाडीची सीट पुसलेली असते.

ही गोष्ट मी मुद्दाम पूर्ण सांगत नाही कोणाला, कारण मग घरचे म्हणतात हाव, अशा कामाला चालते. मग परत तेच, घराच्या उपयोगाची असली तर चालते. मला रामटेकला एकटीनं जायचं होतं म्हणून मी गाडी घेतली, आणि ते कारण पण तितकंच चांगलं आहे.

नवऱ्याला मागे बसवलं तर लोक हसतात.

लर्निंगवर असाल तर मागे फक्त शिकवणारा लायसनवाला बसू शकतो. पर्मनंट झालं की कोणालाही बसवा. त्याला सांगा वळणावर उलटा झुकू नको.

पहिली लांबची राईड कुठे करू?

रामटेक. साधारण पन्नास किलोमीटर, कामठी, कन्हान, मनसर आणि तिथून उजवीकडे. रस्ता सरळ आहे, मध्ये पंप आहेत, आणि परत फिरावंसं वाटलं तर कुठूनही फिरता येतं. टाकी आणि टायरची हवा आदल्या संध्याकाळीच बघून घ्या. सकाळी साडेपाचला निघा म्हणजे कामठी रोडला ट्रक कमी भेटतात, तरी ट्रकच्या अगदी मागे राहू नका, त्याला आरशात तुमची गाडी दिसली पाहिजे. कन्हानच्या पुलावर सकाळी गार वारा आडवा येतो, हँडल घट्ट न धरता सैल धरा. गडावर जायला रस्ता आहे पण वळणं चढाची आहेत, पहिल्यांदा गेलात तर गाडी खाली लावून पायऱ्यांनी चढा. माकडं आहेत, हेल्मेट आरशाला अडकवून जाऊ नका आणि पिशवीत केळी ठेवू नका. उतरून तर्री पोहे खा, खिंडसी तलावाला अर्धा तास बसा, आणि दहाच्या आत परत निघा.